बेसूर वाजवण्याचा हक्क

वाद्य शिकणाऱ्याने शेजाऱ्याला किती त्रास द्यावा? प्रश्न पोरकट वाटेल. पण ट्रंपेट हाती घेतलेल्या माणसाला तो पहिल्याच दिवशी पडतो. मी पस्तिशीत हे वाद्य शिकतो आहे, त्यामुळे मला तो टाळता येत नाही. सतार शिकणारा दार लावून हळू तारा छेडू शकतो. ट्रंपेट हळू वाजवणे ही मात्र फार पुढे साधणारी गोष्ट. सुरुवातीचा आवाज फाटका असतो आणि मोठाही. शिकाऊ माणसाचे अज्ञान अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जाते.

पाहणाऱ्याला वाटते, तीन कळा आहेत, त्या दाबल्या की सूर निघाला. कळा फक्त नळीची लांबी वाढवतात. १८१८ साली बर्लिनमध्ये स्टोल्झेल आणि ब्लूमेल यांनी कळांचे पेटंट घेतले; त्याआधीचे ट्रंपेटवाले बहुतेक ओठांवरच भागवत. आजही आवाज ओठांतूनच जन्मतो. ओठ मिटून हवा सोडायची, त्यांना थरथरवायचे. एकही कळ न दाबता सा, प, वरचा सा, त्यावरचा ग, असे सूर केवळ ओठांच्या ताणावर निघतात. म्हणून बोट अचूक पडूनही सूर भलताच लागतो. हार्मोनियमची पट्टी नवख्यालाही फसवत नाही. इथे सूर दर वेळी नव्याने शोधावा लागतो.

संगीत जायज की नाजायज, हा वाद आपल्याकडे जुना आहे. इमाम गझालींनीही त्यावर सविस्तर लिहिले. त्यात मी शिरत नाही. मला खटकते ते वेगळे. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणे होते, लोक रात्र जागवतात. खाँसाहेबांना जाऊन १९३७ पासून इतकी वर्षे झाली तरी ही ओढ आहे. पण शेजारच्या पोराची पंधरा मिनिटांची पिपाणी आपल्याला खपत नाही. तयार सूर सर्वांना हवा, तयार होणारा कुणालाच नको.

या बाबतीत बँडवाले अधिक उदार म्हणायचे. सातारा-सांगलीकडे लग्नसराईत नवखा पोरगा आधी खुळखुळे घेऊन मागे चालतो. पुढे वाद्य हाती आले, तरी त्याचा चुकलेला सूर दहाजणांच्या आवाजात बुडून जातो. वरात ही त्याची शाळाच. (आणि मालकाला त्याची मजुरी कमी द्यावी लागते, हेही खरे.)

माझ्या वर्गात अशी आडोशाची सोय नसते. उर्दूत नपुंसकलिंग नाही, किताब स्त्रीलिंगी. म्हणून आमचा मुलगा बेधडक ‘माझी पुस्तक’ म्हणतो. उर्दू शाळेत ते चालून जाते. हाच मुलगा तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तसे बोलला की सभागृह हसते. त्यानंतर तो लेखी परीक्षेत मराठीत उत्तम गुण मिळवतो आणि तोंड मात्र उघडत नाही. उद्या तहसील कार्यालयात दाखला मागताना तो कुणाला तरी सोबत नेईल. हसणाऱ्यांनीही आपले पहिले ‘चाललो-चालली’ आईच्या कानांवर घोटलेले असते. ती उसनवारी आहे. ती दुसऱ्याच्या मुलाला फेडायची असते, असे मला वाटते.

पण मी मूल नाही, मला ही सवलत कशाला? शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये फार मोठा मानला आहे. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा वाद्य वाजवायला कायद्यानेही बंदी आहे. मोठ्या माणसाने वेळ विचारून घ्यावी, हे मला मान्य. असरनंतर अर्धा तास पुरे. ओठ त्याआधीच थकतात. मात्र ‘म्यूट लावूनच वाजवा’ हा सल्ला नेहमीसाठी मानवणारा नाही. ते बूच आवाज दाबते, पण श्वासालाही मागे रेटते, आणि आपला सूर कुठे घसरला ते वाजवणाऱ्यालाच नीट कळत नाही. आठवड्यातून दोन दिवस तरी ते काढून वाजवावे लागते. त्या दोन दिवसांबद्दल शेजाऱ्यांशी बोलावे लागते, तेही दार वाजवून, समोर उभे राहून.