इंद्राचा रथ आणि विरार लोकल

कुत्र्याला गाडीत घ्यायचं की नाही, हा वाद फार जुना आहे. महाभारताच्या सतराव्या पर्वात, महाप्रस्थानिकात, इंद्र रथ घेऊन युधिष्ठिरासमोर उभा राहतो. द्रौपदी वाटेत पडली. मागोमाग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम गेले. हस्तिनापुरापासून मागे लागलेलं एक कुत्रं तेवढं उरलं आहे. इंद्र म्हणतो, चढ. युधिष्ठिर म्हणतो, हाही येईल. मग इंद्र नियमावर बोट ठेवतो: कुत्रं बाळगणाऱ्याला स्वर्गात थारा नाही. वर टोमणाही मारतो, की भाऊ टाकलेस, बायको टाकलीस, मग कुत्र्यापाशीच का अडलास? युधिष्ठिराचं उत्तर एखाद्या वकिलाला शोभेल असं आहे. ती माणसं मेली होती, मेलेल्यांना जिवंत करणं हाती नव्हतं. जिवंतपणी त्याने कुणालाच टाकलं नाही. आणि भरवशाने सोबत आलेल्याला टाकणं हे ब्रह्महत्येच्या तोडीचं पाप आहे. तेव्हा रथ परत न्या.

वसई-विरारच्या किनाऱ्यावर कुत्र्यासह दोन दिवस मुक्कामाला जायचं आणि दाराशी मोटार नाही, अशा मुंबईकर कुटुंबाची अवस्था साधारण हीच असते. फरक एवढाच, की इंद्राचा रथ रिकामा होता आणि विरार लोकलमध्ये बोरिवलीच्या माणसालाही कुणी उभं राहू देत नाही. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी रेल्वेने कुत्र्याचा विचार केलेला आहे: पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात दोन शायिकांचं कुपे किंवा चार शायिकांची केबिन पुरती आरक्षित केली तर तो मालकासोबत, एरवी गार्डाच्या डब्यातल्या पेटीत. स्लीपर किंवा थ्री-टियरमध्ये मुळीच नाही. लोकलला ना कुपे, ना केबिन. उरते ती रिक्षा, आणि तिथे सगळं रिक्षावाल्याच्या मनावर.

एक सुखद अपवाद आहे आणि तो पाण्यावर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर ते वसई किल्ला अशी रो-रो बोट सुरू झाली. तेव्हाच्या दरपत्रकात मोठ्या माणसाला ३० रुपये होते; आणि मासळीची टोपली, कोंबडी, शेळी यांच्या ओळीत कुत्राही होता, ४० रुपये. माणसापेक्षा कुत्र्याला दहा रुपये जास्त! पण त्याचं नाव यादीत होतं, ही गोष्ट लहान नाही. इंद्राच्या यादीत ते नव्हतं.

म्हणून मोटार नसलेल्याने मुक्काम वसई गावातच करावा, हे व्यवहाराने पटतं. जेट्टी किल्ल्याला लागून, बाजार जवळ, सुरुची बागेचा सुरूच्या झाडांखालचा किनारा सकाळच्या फेरीच्या अंतरावर. राजोडी-कळंबचे बंगले जास्त देखणे असतील, पण नालासोपारा स्टेशनपासून ते आत आहेत. रात्री कुत्र्याचं पोट बिघडलं तर रिक्षा शोधत फिरावं लागतं. अर्नाळा विरारहून बसच्या टप्प्यात आहे, पण बसमध्ये पुन्हा तोच इंद्र कंडक्टरच्या वेशात भेटतो.

एवढ्यावर प्रश्न सुटला असता, तर त्यात धर्माचं काही नव्हतं. पण वसईच्या वाटेवर पावलोपावली कुत्र्याबद्दलचे जुने विचार पसरलेले आहेत. त्यांच्याकडे बघितलं की आपल्या परंपरेची एक सवय दिसते. कुत्र्याचा मान ती राखते, मात्र त्याला आधी दुसरं काहीतरी करून टाकते.

युधिष्ठिराचंच बघा. तो हटत नाही म्हटल्यावर कुत्रं आपलं रूप टाकतं आणि तिथे साक्षात धर्म उभा राहतो. परीक्षा संपली, मुलगा उत्तीर्ण झाला. पण त्या क्षणी कुत्रं नाहीसंच होतं. स्वर्गात कुत्रं गेलं का? नाही. इंद्राचा नियम शाबूत राहिला. ज्याच्यासाठी एवढा वाद घातला, ते कुत्रं मुळात नव्हतंच, असं सांगून व्यासांनी सगळ्यांची सोय केली.

नालासोपाऱ्याहून किनाऱ्याकडे जाताना निर्मळ लागतं. तळ्याकाठचं हे क्षेत्र शंकराचार्यांच्या परंपरेशी जोडलेलं आहे, कार्तिकात इथे मोठी यात्रा भरते. आद्य शंकराचार्यांची जी गोष्ट ‘मनीषापंचक’ या स्तोत्राच्या मागे सांगतात, तिच्यात चार कुत्री आहेत. काशीत गंगेवरून येताना आचार्यांना वाटेत एक चांडाळ भेटतो, सोबत चार कुत्री. आचार्य ‘बाजूला हो’ म्हणतात. चांडाळ विचारतो, कोणी बाजूला व्हायचं, अन्नाने बनलेल्या देहाने की आत्म्याने? एक देह अन्नाचा, दुसराही अन्नाचा. आणि आत्मा तर दोन नाहीतच. आचार्य निरुत्तर होऊन हात जोडतात. पुढे काय होतं, ते आता वाचकाने ओळखलंच असेल: चांडाळ म्हणजे शिव निघतो आणि चार कुत्री म्हणजे चार वेद. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांचा अर्थही घरोघर असाच सांगतात.

यात काही बिघडलं का? बिघडलं. चांडाळाचा प्रश्न बिनतोड होता आणि तो चांडाळ म्हणूनच विचारायला हवा होता. तो शिव निघाल्यामुळे पुढच्या खऱ्या चांडाळाला बाजूला हो म्हणायची मोकळीक राहिली. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावं आणि कुत्री-गाढवं हेच त्यांचं धन असावं, असं सांगितलं आहे. म्हणजे विटाळाच्या हिशेबात कुत्रा आणि माणूस एकाच दावणीला बांधले होते. गीतेच्या पाचव्या अध्यायात विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि चांडाळ यांच्याकडे ज्ञानी माणूस समदृष्टीने पाहतो असं म्हटलं आहे खरं. पण ती दृष्टी झाली. जागेचं काय?

पालघर जिल्ह्याच्याच उत्तर टोकाला, डहाणू-बोर्डीकडे, चिकूच्या वाड्यांमधून पारशी आणि इराणी कुटुंबं राहतात. त्यांच्या धर्मात कुत्र्याला कुत्रा म्हणूनच काम आहे. अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची नजर पडू देतात, त्याला सगदीद म्हणतात. वेंदिदादचा तेरावा भाग जवळजवळ सगळा कुत्र्यांविषयी आहे: त्याला वाईट अन्न दिलं तर काय शिक्षा, मारलं तर काय. हे नुसतं पोथीत राहिलं नाही. १८३२ च्या उन्हाळ्यात मुंबई सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला, मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे ठेवले, आणि ६ जूनला कोटात पारशी रस्त्यावर उतरले. दुकानं बंद झाली, दंगा झाला, लष्कर बोलवावं लागलं. त्या कुत्र्यांतून कुठला देव प्रकट होईल अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती.

वसईच्या किल्ल्यात डोमिनिकन संन्याशांच्या मठाचे अवशेष उभे आहेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत पोर्तुगीज अमलात इथे अनेक पंथांचे मठ होते, त्यांतला हा एक. या पंथाचं एक चिन्ह म्हणजे तोंडात जळती मशाल धरलेला कुत्रा. संत डोमिनिकच्या आईला असं स्वप्न पडलं होतं, असं सांगतात. आणि लॅटिनमध्ये पंथाच्या नावावर कोटी करून ‘प्रभूचे कुत्रे’ असंही म्हणत. इथेही कुत्रा रूपकच झाला. ख्रिस्ती परंपरेत त्याहून जवळचा वाटतो तो संत रॉकचा कुत्रा. प्लेगने आजारी पडून रानात एकट्या राहिलेल्या रॉकला तो रोज भाकरी आणून द्यायचा. त्याचं पुढे काहीच होत नाही. तो कुत्राच राहतो, चित्रांत संताच्या पायाशी भाकरी धरून बसलेला.

पण या साऱ्यांपेक्षा सुट्टीवर आलेल्या माणसाला अडचणीत टाकणारी कुत्री महाभारतात पहिल्याच पर्वात आहे, आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. राजा जनमेजय कुरुक्षेत्रात यज्ञसत्र करत असतो. तिथे सरमा नावाच्या कुत्रीचं पिल्लू येतं. जनमेजयाचे भाऊ त्याला झोडपतात. पिल्लू रडत आईकडे जातं. आई म्हणते, तू काही केलं असशील. ते सांगतं, हवीला तोंड लावलं नाही, तिकडे पाहिलंसुद्धा नाही. सरमा, ऋग्वेदातल्या इंद्राच्या कुत्रीचं नाव धारण करणारी, सरळ यज्ञमंडपात जाऊन जाब विचारते: माझ्या निरपराध मुलाला का मारलंत? त्यांच्याकडे उत्तर नसतं. ती म्हणते, तुमच्यावर न दिसणारं भय येईल. आणि जनमेजय घाबरून पुरोहित शोधत हिंडतो.

युधिष्ठिराचं कुत्रं आणि सरमेचं पिल्लू यांच्यात मोठा फरक आहे. पहिलं ‘भक्त’ आहे, सोबत चाललेलं आहे, म्हणून त्याचा हक्क. दुसरं कुणाचंच नाही. त्याने कुणावर प्रेम केलं नाही, कुणाची राखण केली नाही. त्याचा दावा एवढाच, की मी काही केलं नव्हतं. पिल्लू शेवटपर्यंत पिल्लूच राहतं, देव होत नाही. आणि तरी राजाला त्याचा धाक वाटतो. ग्रंथाच्या एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला ते.

शुक्रवारी रात्री आपल्या लॅब्राडोरला घेऊन निघालेलं कुटुंब पहिल्या कुत्र्याचं असतं. ‘पाळीव प्राण्यांना परवानगी’ अशी पाटी बघूनच ते बंगला ठरवतं. शनिवारी सकाळी भरती ओसरल्यावर ओल्या वाळूवर उतरलं, की दुसरी कुत्री भेटतात. पाचूबंदरला किंवा अर्नाळ्याला बोंबील वलांडीवर सुकत असतात, त्याखाली ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या वावरतात. किनारा त्यांनी आपापसांत वाटून घेतलेला आहे; नव्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आहे की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. ती गुरगुरतात. पाहुण्यांपैकी कुणीतरी दगड उचलतं. सरमेचा प्रश्न तिथल्या तिथे लागू होतो.

दगडाच्या उलट टोकाला पार्ले-जीचा पुडा आहे, आणि तोही काही निष्पाप नाही. दोन दिवस प्रेमाने बिस्किटं खाऊ घालणारा पाहुणा रविवारी संध्याकाळी निघून जातो. सोमवारी ती कुत्री त्याच जागी माणसांची वाट बघत बसतात, आणि समोरून कोळ्याचं शाळेत जाणारं पोर येतं. भारतात माणसाला होणारा रेबीज जवळजवळ नेहमी कुत्र्याच्या चाव्यातून येतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर वाचणं जवळपास अशक्य. मुक्कामाला आलेल्याची करुणा आणि गावात राहणाऱ्याची भीती यांत करुणेलाच धर्म म्हणावं, असं कुठे लिहिलेलं नाही.

हा तंटा ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात देशभर गाजला. ११ तारखेला दिल्ली परिसरातली मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत कायमची ठेवण्याचा हुकूम झाला; २२ तारखेला तो बदलून, नसबंदी आणि लसीकरण करून पुन्हा त्याच भागात सोडा असं सांगण्यात आलं. रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री मात्र सोडायची नाहीत, आणि खाऊ घालायचं ते ठरवून दिलेल्या जागीच. नोव्हेंबरात आणखी एक आदेश आला: शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथून उचललेली कुत्री तिथे परत सोडू नयेत. ‘त्याच भागात सोडा’ या शब्दांत जे मान्य केलं होतं, ते इंद्राने कधीच केलं नव्हतं. कुत्र्याला त्याची अशी एक जागा असते. पण न्यायालयाने ती सगळीकडे मान्य केली नाही, आणि स्टेशनवर गर्दीत पोरं घेऊन उभ्या असलेल्या आईला त्यात काही चुकलं असं वाटणार नाही.

सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे मिळाले आहेत. आठव्या लेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये सापडला, त्याच वर्षी त्यांनी इथला स्तूपही उकरला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगाव परिसरातून आला. भुईगाव म्हणजे आज लोक कुत्री फिरवायला जातात तोच किनारा. नवव्या लेखाचा विषय मजेशीर आहे: लोक आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, त्यांतून फारसं हाती लागत नाही. खरा विधी कोणता, तर नोकरचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान, श्रमण-ब्राह्मणांना दान, आणि प्राण्यांच्या बाबतीत संयम. सम्राटाने दया म्हटलं नाही, प्रेमही नाही. संयम म्हटलं. प्रवासाला निघण्याआधीचा विधी म्हणून.

या संयमाचा भुईगावच्या वाळूवरचा अर्थ साधा आहे. रेबीजची लस निघण्याआधी टोचलेली. पट्टा हातात, सुटा नाही. हिवाळ्यात ओहोटीला कुरव पक्षी लांबून येऊन वाळूवर बसलेले असतात, त्यांच्यात आपला कुत्रा सोडून फोटो काढायचे नाहीत. त्याने केलेली घाण पिशवीत, कारण त्याच वाळूवर उद्या जाळी पसरायची असतात. गावातल्या कुत्र्यांना वळसा घालून जायचं, त्यांना हाकलायचं नाही आणि बोलवायचंही नाही.

अर्नाळ्याच्या बेटावर किल्ला आहे आणि कोळ्यांची वस्ती आहे. तिथे जायला होडीशिवाय मार्ग नाही. ओहोटी असली की पाहुण्यांना होडीपर्यंत चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून चालावं लागतं आणि शहरातल्या कुत्र्याला कडेवर घ्यावं लागतं. होडी टेकली की बेटावरची दोन-तीन कुत्री काठाशी येऊन उभी राहतात. त्यांना कुणीच आणलेलं नाही. ती नवीन आलेल्याचा वास घेतात, आणि त्याला वाळूवर उतरवायचं की नाही, हे कडेवर घेतलेल्याला त्यांच्याकडे बघूनच ठरवावं लागतं.