ठेका कोणाचा?

डाव्या हाताची तीन बोटे सा-ग-प वर टेकली, की ढोलक, बेस, गिटार सगळे एकदम उठतात. अरेंजर कीबोर्ड नवा घेतलेल्या माणसाला बसणारा हा पहिला सुखद धक्का. ‘सिंक स्टार्ट’ लावून ठेवले तर यंत्र बोट टेकण्याची वाट पाहत बसते. कॉर्ड बदलली की अख्खी साथ नव्या कॉर्डवर सरकते. ‘वन टच सेटिंग’ असेल तर निवडलेल्या स्टाइलला, म्हणजे यंत्रात भरलेल्या तयार साथीला, शोभणारा आवाजही यंत्रच निवडून देते. मग भजन रंगले आणि लोकांनी वाहवा केली, तर ती घ्यायची कोणी?

गीतेच्या 18व्या अध्यायात कर्माची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. कर्ता हा त्या पाचांतला एक. सारे आपणच करतो असे मानणाऱ्याला गीता शहाणा म्हणत नाही. पेटीवाल्याला हे पटायला वेळ लागतो, कारण तिथे भाताही त्याचाच हात हलवतो. कीबोर्डवर नवशिक्यालाही पहिल्याच संध्याकाळी कळते की निम्म्याहून अधिक काम दुसरेच कोणी करते आहे.

मीमांसकांचे उत्तर जास्त व्यवहारी आहे. यज्ञात मंत्र म्हणतात, आहुती टाकतात ते ऋत्विज. फळ मात्र यजमानाचे. जैमिनींच्या परंपरेचा तर्क असा, की दक्षिणा देऊन ज्याने श्रम विकत घेतले, कर्म त्याच्या नावे जमा. या हिशेबाने स्टाइल हा ऋत्विज आणि बटण दाबणारा यजमान. (पैसे तर त्याने मोजलेलेच असतात!)

पण मग आरतीच्या वेळी मोटरवर नगारा-घंटा बडवणारे जे यंत्र हल्ली देवळांत दिसते, त्याचे बटण दाबणाराही यजमानच ठरेल. इथे मन कचरते, आणि ते बरोबरच आहे. कारण आहुतीचे द्रव्य ‘आता हे माझे नाही’ म्हणून सोडणे, हा भाग यजमानाचाच. तो ऋत्विजावर ढकलता येत नाही.

कीबोर्डवर असा न ढकलता येणारा भाग म्हणजे कान. भैरवीतल्या अभंगाखाली मेजर कॉर्ड धरली, तर यंत्र निमूटपणे शुद्ध गंधार वाजवते आणि गाणाऱ्याचा कोमल गंधार त्याच्यावर आपटतो. यंत्राला त्याची लाज नाही. जाणता वादक तिथे कॉर्डची साथ बंद करून नुसता ठेका ठेवतो, किंवा फक्त सा-प धरतो. पेटीचा आवाज लावला तर ‘टच रिस्पॉन्स’ही काढून टाकतो, कारण खऱ्या पेटीत आवाजाचा जोर भात्यावर असतो, बोटाच्या आघातावर नव्हे.

लयीचेही तेच. वारकरी भजनात पखवाजी टाळकऱ्यांचे पाय बघून लय चढवतो. स्टाइलचा टेम्पो ज्या आकड्यावर ठेवला तिथेच राहतो, कोणी बटणाने वाढवीपर्यंत.

आणि शेवट. वादकाने ‘एंडिंग’ दाबले, त्याच क्षणी बुवांना ध्रुवपद पुन्हा घ्यावेसे वाटले. यंत्र आपले ठरलेले दोन-चार आवर्तनांचे समापन वाजवून गप्प होते. टाळ मात्र चालूच असतात, आणि वादक मान खाली घालून, स्टाइलशिवाय, नुसत्या उजव्या हाताने बुवांच्या मागे जाऊ लागतो.