भिंतीपलीकडचा शेजार

माणूस आपल्या वसाहतीभोवती भिंत का बांधतो? भयापोटी, असे उत्तर आपण चटकन देतो. ते खोटे नाही. परंतु आम्हांस ते पुरेसे वाटत नाही.

पेरू देशाची राजधानी लिमा हिचे उदाहरण घेऊ. १९८० नंतरच्या दशकात बंडखोर आणि सैन्य यांच्या कचाट्यात सापडलेली डोंगराळ मुलखातील हजारो कुटुंबे जीव मुठीत धरून लिमाकडे आली आणि उजाड टेकड्यांवर खोपटी बांधून राहिली. अशाच एका टेकडीच्या दुसऱ्या उतारावर कासुआरिनास ही श्रीमंतांची वसाहत. तेथील रहिवाशांना चोरीची व अतिक्रमणाची धास्ती वाटू लागली. माथ्यावर भिंत उभी राहिली, पुढे वाढत गेली. तिच्यावर काटेरी तारा आल्या. लोक तिला ‘लज्जेची भिंत’ म्हणू लागले. एका बाजूस पोहण्याचे तलाव, दुसऱ्या बाजूस टँकरचे पाणी विकत घेऊन पिंपात साठवणारी घरे.

भिंतीआड राहणाऱ्यांना दुष्ट म्हणावे काय? मुळीच नाही. मुलेबाळे सुखरूप असावीत, ही इच्छा कोणाला नसते? विकसनशील देशांत पोलीस वेळेवर येत नाहीत, नळ कोरडे राहतात, वीज जाते. ज्याला परवडते तो पहारा, पाणी आणि वीज स्वतःपुरती विकत घेतो. नैतिक पेच येथेच आहे. ज्यांच्या शब्दाला दरबारी वजन असते त्यांचीच गरज भागली, तर उरलेल्यांसाठी बोलणार कोण? सार्वजनिक व्यवस्था अधिकच खंगते, भय वाढते आणि भिंतही उंचावते.

शिवाय फाटक पुरते बंद कधीच नसते. सकाळी मोलकरीण, माळी, ड्रायव्हर आत येतात. घराच्या किल्ल्या आणि तान्ही मुले त्यांच्या हाती सोपवली जातात. म्हणजे विश्वास आहे. त्यांच्या वस्तीची विचारपूस तेवढी नाही. श्रम हवे असतात, शेजार नको असतो.

२०२२ च्या अखेरीस पेरूच्या घटनात्मक न्यायालयाने या भिंतीचा ला मोलिना भागातील हिस्सा पाडण्याचा आदेश दिला. २०२३ साली ते काम सुरू झाले. न्यायालय भिंत हटवू शकते, शेजारधर्म मात्र आदेशाने रुजत नाही.

आपल्याकडेही फाटकांची संकुले वाढत आहेत, आपली मुले तेथे घरे घेत आहेत. त्यांना अडवू नये. मात्र एवढे अवश्य विचारावे : फाटकावर रात्रभर जागणाऱ्या माणसाचे घर कोठे आहे, आणि त्याच्या घरी पाणी येते काय?