तारणाऱ्याचा हक्क

जखमी पक्षी म्हटलं की आपल्याला शाळेतली सिद्धार्थ-देवदत्ताची गोष्ट आठवते. हंस बाण मारणाऱ्याचा की वाचवणाऱ्याचा, असा तो वाद, आणि निकाल वाचवणाऱ्याच्या बाजूने. मारणाऱ्यापेक्षा तारणारा थोर, हे आपण तिथून उचललं ते कायमचं. थोर असेल, पण म्हणून हंस त्याचा कसा झाला? हे काही मला पटत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यालाही ते पटलेलं नाही. रानपक्षी बरा करायला म्हणून आणला तरी तो परवानगीशिवाय घरात ठेवता येत नाही. वनखात्याला कळवून त्यांच्या स्वाधीन करावा लागतो.

रत्नागिरीच्या किनाऱ्याला असे प्रसंग नवे नाहीत. पावसाळ्यात वादळी वाऱ्याने भरकटलेले खोल समुद्रातले पक्षी कोकणच्या वाळूत येऊन पडतात. मास्क्ड बूबीसारखा मोठा पांढरा पक्षी कुत्र्यांच्या गराड्यात नुसता बसून राहतो, कारण सपाट वाळूवरून त्याला धड उडता येत नाही. बाकीच्या दिवसांत तंगूस, म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा, असतोच. खाडीच्या कडेला टाकून दिलेला त्याचा गुंता पाणकावळ्याच्या पायात अडकतो, पक्षी ओढ घेतो तसा तो काचत जातो आणि शेवटी कातडीत रुततो. माणसं जमतात. कुणीतरी म्हणतं, "पाणी घाल रे त्याच्या चोचीत, तहानलाय तो."

नेमकं तेच करायचं नसतं. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशी उघडं असतं. ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. छातीशी घट्ट धरणंही घातक, कारण पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड खालीवर होईल तरच श्वास चालतो. बगळा डोळ्यावर चोच मारतो, म्हणून त्याची चोच धरावी लागते. तेवढं ऐकून कुणी पाणकावळ्याची किंवा बूबीची चोच रबराने बांधली, तर तो गुदमरेल. या पक्ष्यांना बाहेरून उघड्या नाकपुड्याच नसतात. ते तोंडाने श्वास घेतात. एकाला जी खबरदारी, तीच दुसऱ्याला फास.

आणि "बघ, कसा शांत बसलाय, ओळखलं त्यानं आपल्याला" हे तर साफ खोटं. तो भीतीने थिजलेला असतो. आपण त्याच्या लेखी शिकारीच, मग हातात कापूस असो की काठी. लांब पायांच्या पक्ष्यांना फार वेळ धरून ठेवलं तर भीतीने आणि धडपडीने त्यांचे स्नायूच निकामी होतात, सोडल्यावर उभंही राहता येत नाही. आपल्याला गोंजारायचं असतं, फोटो काढायचा असतो, पोरांना दाखवायचं असतं. पक्ष्याला आपण दिसूच नये, हीच त्याची सोय. आपल्या भूतदयेला हे जमत नाही, कारण तिला समोरून थोडी तरी पावती हवी असते.

अवघड भाग पुढेच आहे. पंखाचा सांधा मोडला तर पक्षी जगतो, पण बहुधा पुन्हा नीट उडत नाही. पाण्यात सूर मारून पोट भरणाऱ्याने मग काय करायचं? पिंजऱ्यात राहून फेकलेल्या तारल्या गिळायच्या? बरा होण्यापलीकडे गेलेल्या प्राण्याचा शेवट करण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, अशी तरतूद कायद्यात आहे. आपल्याकडे तिचं नाव काढलं तरी लोक दचकतात. मला ती क्रूर वाटत नाही. आपल्या समाधानासाठी त्याला जन्मभर कोंडून ठेवणं जास्त क्रूर आहे.

"एका पक्ष्याने काय होतंय?" असंही विचारलं जातं. दक्षिण आफ्रिकेत 2000 साली 'ट्रेझर' हे जहाज बुडून तेल सांडलं, तेव्हा तेलाने माखलेले सुमारे 19 हजार पेंग्विन असे एकेक करूनच धुऊन काढले गेले आणि त्यांतले बहुतेक पुन्हा समुद्रात गेले. ते जमलं, कारण हजारो स्वयंसेवकांच्या पाठीशी जाणकार माणसं होती. उलट नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला वाळूत अडकलेल्या व्हेलच्या पिल्लासाठी लोकांनी जिवाचं रान केलं, त्याला समुद्रात परतही नेलं, तरी ते जगलं नाही. तो खटाटोप वाया गेला असं मी म्हणणार नाही. पण नुसता जीव तुटून भागत नाही, हे त्यातून दिसलं. कोळ्याला तर दयेची किंमत रोख मोजावी लागते. कासव किंवा डॉल्फिन सोडवताना जाळं कापावं लागलं तर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचं राज्य सरकारने 2018 मध्ये ठरवलं, ते याचसाठी.

तेव्हा किनाऱ्यावर असा पक्षी दिसला तर कुत्री हाकला आणि गर्दी पांगवा. त्याच्यावर टॉवेल टाकून भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. रुतलेला तंगूस ओढू नका, जाणकार कापतील. काही भरवू नका, पाजू नका आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.