आरपार टाका

किल्ले पाहायला निघालेले प्रवासी सास्तूरला थांबत नाहीत. बालाघाटाच्या कडेला नळदुर्ग आहे, औशाचा भुईकोट आहे, खरोशाच्या डोंगरात लेणी आहेत. सास्तूरची पडझड कुठल्या सुलतानाच्या काळातली नाही. ती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेची आहे. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं नुकतीच झोपली होती. चारच्या सुमाराला जमीन हलली आणि किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. बहुतेकांचा जीव घेतला तो त्यांच्याच घरांनी.

ही घरं कशी होती ते नीट समजून घ्यायला हवं, कारण दिसायला ती किल्ल्याइतकी भक्कम होती. दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, वर लाकडी खणांवर मातीचं माळवद. पण ती जाड भिंत खरं तर एक भिंत नव्हतीच. बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मधल्या पोकळीत दगडगोटे आणि चिखल. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड जवळजवळ नसायचेच. हादरा बसला, थर एकमेकांपासून सुटले, भिंती कोसळल्या. कित्येक ठिकाणी लाकडी खांब तेवढे उभे राहिले. त्यात माळवद गळतं म्हणून दर पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची चाल. घराची काळजी घ्यायची म्हणून एकेका पिढीने डोक्यावरचं ओझं वाढवत नेलं.

सकाळी नळदुर्गचा पाणीमहाल पाहून मी दुपारी सास्तूरला आलो. क्रम असा लागला म्हणूनच कदाचित हे सगळं इतकं टोचलं. बोरी नदीवरचं ते धरण इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये बांधलं गेलं. पावसाळ्यात डोक्यावरून पाणी कोसळतं आणि धरणाच्या पोटातल्या महालात माणूस कोरडा उभा राहतो. म्हणजे दगड दगडाला कसा धरून ठेवावा हे या मुलखाला चारशे वर्षांपूर्वी चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं, पण कुणासाठी? सुलतानाच्या धरणाला चुना आणि घडीव चिरा, शेतकऱ्याच्या भिंतीला चिखल आणि रानातला गोटा. लांब दगड घडवून घ्यायला पैसा लागतो. किल्ल्यांच्या भव्यतेवर लिहिताना आपण हा हिशेब सहसा मांडत नाही.

सास्तूरच्या एका ओसरीवर एक मावशी वाकळ शिवत बसल्या होत्या. खाली जुनं लुगडं, वर जुनं लुगडं, मधे फाटकी धोतरं, पोरांचे सदरे, जे असेल ते. कडेने धावदोरा घालत आत आत येत होत्या. इतके दाट टाके कशाला, असं विचारलं तर हात न थांबवता म्हणाल्या, "मधी टाका नसला तर आतली चिंधी गोळा व्हती की. मंग पांघरायचं काय, नुसतं वझं."

वाकळीत घातलेला माल भिंतीतल्या मालाहून चांगला नसतो. तोही टाकाऊच. फरक एवढाच की इथे प्रत्येक थरातून दोरा आरपार जातो. भूकंपानंतर अभियंत्यांनी उरलेल्या जुन्या भिंतींसाठी उपाय सांगितला तोही हाच: ठराविक अंतरावर भिंतीला आरपार भोक पाडा, त्यात सळई घाला आणि काँक्रीट भरा. मला तो वाचताना वाकळच दिसली. बांधकामातलं जे शहाणपण गवंड्यांना परवडलं नाही, ते बायकांच्या हाती घरोघर होतं. पण त्याला कुणी तंत्र म्हटलं नाही, कारण ते चिंध्यांवर चालायचं.

कापडाचं इथे नेहमी असंच होतं. सास्तूरच्याच जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथून साधं कापड आणि मलमल गाड्यांनी भडोचच्या बंदराकडे जाई, असं पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात आहे. आज तेरच्या संग्रहालयात मातीच्या मूर्ती पाहायला मिळतात. ज्या कापडासाठी दूरदेशीचे व्यापारी तगरचं नाव घेत, ते मात्र वापरून वापरून विरलं. वारशाच्या यादीत चढायला वस्तूला आधी मोडून पडून राहावं लागतं. कापड पडून राहत नाही, त्याचं पुढे काहीतरी होतं.

आता शहरांतल्या दुकानांत 'पारंपरिक गोधडी' मिळते. नवं कापड, मधे कारखान्यातला पॉलिस्टरचा थर, वर शोभेपुरते टाके. विकणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, शिवणाऱ्या हातांना त्यातून चार पैसे मिळतात. पण जुन्याला जुनं जोडण्याची गरज त्यातून गेली आहे.

आरपार टाक्याची गरज भिंतींना मात्र अजून आहे. भूकंपानंतर वसवलेल्या गावांत मिळालेली पक्की घरं कुटुंब वाढलं तशी अपुरी पडली. मग कुणी बाजूला पडवी काढली, कुणी पत्र्याची खोली, कुणी पुन्हा दगडाची भिंत. तीस वर्षांत नवे गवंडी आले, ज्यांनी ती पहाट पाहिलेली नाही. त्यांच्या भिंतीत आरपार दगड आहे की नाही, हे बाहेरून गिलावा केल्यावर कळत नाही. घरमालकाने बांधकाम चालू असतानाच विचारायला हवं.