माप आणि माया

माणसाने स्वतःचे माप स्वतः घेऊ नये, असे माझे मत होतेच. भाच्याच्या लग्नाने ते पक्के केले. भाच्याची नवरी स्कॉटलंडची. लग्न एडिंबरोला. व्याह्यांनी प्रेमाने कळवले, मामांनीही किल्ट नेसावा, खारघरहून मापे पाठवावीत.

सेंट्रल पार्कात सकाळी फेऱ्या मारणारी आमची मंडळी पोट धरून हसली. पण जरा हिशेब पाहा. पारंपरिक किल्टला कापड लागते ८ वार, आणि आमच्या आजीचे लुगडे ९ वार. म्हणजे स्कॉटलंडचा तो डोंगरी लढवय्या आणि आमची आजी यांच्यात फरक एका वाराचा! निऱ्याही दोघांना, तिच्या पुढे, त्याच्या मागे. त्यात हसण्यासारखे काय? ब्रिटिश सरकार तर हसलेही नाही. त्याने १७४६ साली कायदा करून हा पोशाख बंद केला आणि १७८२ पर्यंत बंद ठेवला.

खरी भानगड मापाची. पँट आपण पोटाच्या खाली बांधतो. त्यामुळे पोट कितीही पुढे गेले तरी कंबर आपली ३४ ची ३४! किल्ट बसतो बेंबीच्या उंचीवर. तिथे टेप लावला की संपलेच. शिवाय श्वास आत ओढायचा नाही. लांबी गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत, आणि ती मोजताना खाली वाकून बघायचे नाही. वाकले की माप बदलते. म्हणून माप दुसऱ्याने घ्यायचे.

मला वाटते, कपड्यापलीकडेही आपले असेच चालते. स्वतःचा चांगुलपणा आपण पोटाखालून मोजतो, आणि शेजाऱ्याचा मात्र बरोबर बेंबीवर टेप लावून!

तर हिने टेप लावला आणि आकडा वाचला, "बेचाळीस." शेजारच्या फ्लॅटमध्येही कळले असावे.

"हळू बोल की जरा."

"अहो, हळू बोलून कंबर कमी होते का?" असे म्हणत तिने ४२ लिहिले. मग म्हणाली, "लग्नाची जेवणं आहेत. थोडी माया ठेवायला सांगते."

शिवणीत दाबून ठेवलेल्या जादा कापडाला आपली भाषा माया म्हणते. हा शब्द ज्या कुणी शिंप्याने रूढ केला, त्याला मी तत्त्वज्ञ मानतो. आकडा खरा सांगावा, पण कात्री चालवताना माया सोडावी. नुसते खरे माप उसवते आणि नुसती माया ढगळ होते.

फेरीतल्या एका गृहस्थांना हे सांगितले. त्यांची पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. ते हसले, मग म्हणाले, "आता शर्ट तयारच घेतो हो. घरात माप घेणारं कुणी नाही."

त्यावर कुणालाच काही सुचले नाही. पुढची फेरी आम्ही त्यांच्या चालीने मारली.