परड्यातला तलाव

आमच्या बेळगावच्या आसपास पूर्वी पोहण्याचा तलाव म्हटलं की क्लबातला, नाहीतर मोठ्या हॉटेलातला. घरची म्हणजे विहीर. आता शहराबाहेर मळ्यात ज्यांनी नवी घरं बांधली, त्यांच्या परड्यात निळ्या टाइल्सचे तलाव दिसायला लागलेत. आमच्या समाजातल्या घरांतसुद्धा. त्यावर बोलणं निघालं की दोन उत्तरं ठरलेली असतात. वयस्कर मंडळी म्हणतात, पाणी म्हणजे जलकायिक जीव, तलाव म्हणजे पापाचं घर, विषय संपला. तरुण मंडळी म्हणतात, शॉवरखाली अर्धा तास उभं राहता तेव्हा कुठं जातात हे जीव? दोन्ही उत्तरांत एक सोय आहे. तलाव कसा बांधतात, त्यात काय घालतात, तो कोण वापरणार, हे काहीच बघावं लागत नाही.

मला ते बघावं लागलं. थोरल्या दिरांच्या मुलाने तलावाचा नकाशा आणून माझ्यापुढे पसरला आणि म्हणाला, "काकू, बाकी सगळे हो म्हणालेत. तुमचं तेवढं राहिलंय. तुम्ही शास्त्र वाचता, तुम्हीच काय ते सांगा की." आता हे 'हो' म्हणणं आमच्याकडे तितकं हलकं नसतं. पाप तीन वाटांनी लागतं. स्वतः केलं तर, दुसऱ्याकडून करवून घेतलं तर, आणि कुणी केलेल्याला नुसती मान डोलावली तरी. कृत, कारित, अनुमोदित. माझ्याकडे तिसरं मागितलं होतं.

नकाशा असा होता. लांबी 8 मीटर, रुंदी 4 मीटर, एका टोकाला सव्वातीन फूट खोल आणि दुसऱ्या टोकाला सहा फूट. जेसीबीने खणायचं, तळाला आणि भिंतींना सळया बांधून काँक्रीट ओतायचं, आतून पाणी न झिरपणारा गिलावा, त्यावर टाइल्स. बाजूला मोटारीची खोली, तिथं वाळूचं गाळणयंत्र. पाण्यात निळे दिवे. मी पेन्सिल घेऊन हिशेब केला तर पाणी जवळजवळ 45,000 लिटर निघालं. खेड्यात नळाने माणशी रोज 55 लिटर पाणी द्यायचं, असं सरकारच्या जलजीवन योजनेचं माप आहे. त्या मापाने एका माणसाचं सव्वादोन वर्षांचं पाणी. शिवाय उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलीमीटर जरी उडून गेलं, तरी एवढ्या पृष्ठभागावरून 160 लिटर रोज हवेत जाणार. म्हणजे कुणी पाण्यात उतरलं नाही तरी तीन माणसांचा वाटा रोज उडतोय.

पण नुसत्या आकड्यांनी काही ठरत नाही, हे पुतण्याने मला लगेच दाखवलं. तो हुशार आहे, आणि शेती तोच बघतो. म्हणाला, "काकू, आपला ऊस एकरी किती पाणी पितो ठाऊक आहे? पाटाने दिलं तर वर्षाला 80 लाख लिटरच्या घरात जातं. त्यात माझे असले पावणेदोनशे तलाव भरतील. उसाबद्दल तुम्ही कधी काय बोलला नाहीत." खरं आहे. सीमाभागातल्या आम्हा जैनांचं घर, लग्नं, शिक्षणं, मंदिरांच्या पूजाअर्चासुद्धा उसाच्या बिलावर चालल्या, त्यामुळे उसाच्या पाण्यावर आमच्याकडे प्रवचन होत नाही. शास्त्रात शेतीला उद्योगी हिंसा म्हणून गृहस्थाला सूट आहे, ती आम्ही उसाला लावून टाकली आणि किती एकरांपर्यंत हे विचारलं नाही. या मुद्द्यावर पुतण्याला उत्तर देण्यापेक्षा तो मुद्दा तसाच उभा ठेवणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. उसावर वेगळं लिहायला पाहिजे. पण उसाचं पाणी जास्त म्हणून तलावाचं पाणी माफ, हे काही होत नाही.

दुसरा मुद्दा त्याने अजून टोचणारा काढला. श्रवणबेळगोळला 2018 च्या महामस्तकाभिषेकाला आम्ही सगळे गेलो होतो. बाहुबलीच्या माथ्यावर कलशांमागून कलश रिते होताना मी हात जोडून उभी होते. "ते चालतं?" बारा वर्षांतून एकदा होतं, हे एक उत्तर. दुसरं असं, की त्या गावाचं नावच कन्नडात पांढऱ्या तळ्यावरून पडलं आहे आणि गावाच्या मधोमध पायऱ्यांची कल्याणी आहे, तिला परड्याची भिंत नाही. तरी त्याचा प्रश्न पूर्ण सुटतो असं मी म्हणणार नाही. आपण पाणी कुठं उधळतो आणि कुठं गाळत बसतो, याचा मेळ आपल्याकडे नेहमी बसतोच असं नाही.

गाळण्यावरून आठवलं. आमच्या पिढीच्या बायकांना पाणी गाळायचं शिकवलं ते फक्त फडकं दुहेरी करून घागरीच्या तोंडावर धरायला शिकवलं नव्हतं. गाळून झाल्यावर फडकं उलटं धरून त्यावरून गाळलेलं पाणी सोडायचं आणि ती जीवाणी ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत अलगद पोचवायची. दुसऱ्या विहिरीत नाही, मोरीत तर नाहीच. गाळलेलं पाणीही दोन घटका, म्हणजे 48 मिनिटंच चालायचं, मग पुन्हा गाळायचं. या सगळ्या खटाटोपात पाणी वापरूच नका असं कुठंच नाही. वापरणार हे धरलेलंच आहे. मुनिमहाराजांच्या 28 मूलगुणांत अस्नान आहे, पण ते मुनींचं. गृहस्थाने अंघोळ करावी, स्वैपाक करावा, फक्त जे आपल्यासोबत वर आलं त्याला परत जायला वाट ठेवावी.

तलावात ही वाट नसते. ठेकेदाराने मला नीट समजावून सांगितलं, बिचारा सज्जन होता. मोटार पाणी ओढते, वाळूतून गाळते, परत सोडते. वाळूत जे अडकतं ते दर काही दिवसांनी उलट पाणी सोडून गटारात जातं. आणि पाण्यात कायम थोडं क्लोरीन लागतं, दहा लाख भागांत एक ते तीन भाग. "ते कशाला?" मी विचारलं. "मॅडम, जंतू मरायला पाहिजेत ना. नाहीतर चार दिवसांत हिरवं होतंय पाणी." म्हणजे इथं मारणं हा ओघात होणारा दोष राहत नाही, ती रोजची मात्रा आहे. राकसकोप आणि हिडकलचं जे पाणी नळाला येतं त्यातही क्लोरीन असतं, ते आपण पितो, हे मला माहीत आहे. कॉलऱ्यापासून गाव वाचवायला घातलेलं क्लोरीन आणि मौजेचं पाणी निळं राहावं म्हणून घातलेलं क्लोरीन, दोन्ही मारतात. मरणाऱ्या जीवाला फरक पडत नाही. मारणाऱ्याला पडतो की नाही, एवढाच प्रश्न आहे, आणि आपलं सगळं आचारशास्त्र त्या एका प्रश्नावर उभं आहे.

समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे प्रकार सांगताना प्रमादचर्येत जी कामं धरली, त्यांत जमीन आणि पाणी यांचा आरंभ पहिल्यांदा येतो. मग आग, वारा, झाडं तोडणं. तलावात जमीन आणि पाणी दोन्ही आले. पण आचार्यांनी या कामांना एक विशेषण लावलं आहे: विफल. ज्यातून काही निष्पन्न होत नाही ते. वर्षानुवर्षं हा शब्द वाचताना मला तो सोपा वाटायचा. नकाशापुढे बसल्यावर कळलं की सगळी अडचण त्याच शब्दात आहे, कारण विफल काय हे ज्याला करायचं असतं तोच ठरवतो, आणि त्याला कारण नेहमी सापडतं.

पुतण्याला सापडलेलं कारण म्हणजे अक्का. अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई, त्याची आई. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टरांनी पाण्यात चालायचा व्यायाम सांगितला आहे, आणि ते खोटं नाही. छातीइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर अंगाचा फार तर तिसरा हिस्सा भार येतो, कमरेइतक्या पाण्यात निम्मा. ज्या बाईला मंदिराच्या चार पायऱ्या चढवत नाहीत तिला पाण्यात वीस मिनिटं चालता येईल, हे काही विफल नव्हे. मी अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला कोण इचारलंय? आणि मी लुगडं नेसून उतरू होय त्यात?" मग हसल्या. जरा वेळाने हळूच म्हणाल्या, "पण गुडघं दुखायचं थांबंल तर उतरीन बाई."

तेव्हा मी नकाशा पुन्हा काढला. अक्कांना चालायला चार फूट पाणी पुरे. मग दुसऱ्या टोकाची सहा फूट खोली कुणाच्या गुडघ्यांसाठी? पाच मीटर लांब, अडीच मीटर रुंद, चार फूट खोल एवढ्यात त्यांचं काम होतं, आणि पाणी लागतं 15,000 लिटर. तिसरा हिस्सा. उरलेल्या 30,000 लिटरला अक्कांचं नाव लावायचं नाही, एवढंच मी पुतण्याला म्हटलं. ते पाहुण्यांसाठी असेल, पोरांच्या वाढदिवसांसाठी असेल, शेजारच्या मळ्यातल्या तलावापेक्षा मोठं दिसावं म्हणून असेल. त्या कारणांवर मी रागावणार नाही, पण ती त्यांच्या नावाने सांग. आपल्या व्रताचं नाव परिमाण आहे. परिमाण म्हणजे माप, आणि माप घ्यायचं तर नकाशा कागदावर आहे तोवरच.

हे मी आग्रहाने सांगते आहे, कारण काँक्रीट ओतल्यावर काय होतं ते ठेकेदारानेच मला सांगितलं. आमच्याकडचा पाऊस धुवांधार. जमिनीखाली पाणी वर येतं, आणि अशा वेळी तलाव रिकामा असेल तर खालचं पाणी आख्खी टाकी वर उचलतं. टाइल्स फुटतात, भिंती तडकतात. त्याला तळात झडप बसवतात, तरी पावसाळ्यात तलाव भरलेला ठेवणंच बरं. म्हणजे कंटाळा आला, अक्का उतरेनाशा झाल्या, पोरं पुण्याला शिकायला गेली, तरी तो रिकामा करून विसरता येत नाही. भरलेला ठेवला आणि मोटार बंद केली तर आठवडा-दहा दिवसांत डासांच्या अळ्या. मग आरोग्य खात्याचे लोक गप्पी मासे सोडायला सांगणार, ते मासे अळ्या खाणार. म्हणून मोटार चालू, क्लोरीन चालू. सकाळी सहाला आपोआप सुरू, दुपारी आपोआप बंद. ही हिंसा करतं कोण? घरातलं कुणीच नाही, टायमर करतो. 'कारित' हा शब्द आचार्यांनी नोकरचाकर डोळ्यांपुढे ठेवून वापरला असेल, पण टायमरला तो चपखल बसतो. परिग्रह या शब्दातच चारी बाजूंनी धरणं आहे. आपण वस्तू धरतो असं आपल्याला वाटतं. हा तलाव घराला वीस-पंचवीस वर्षं धरून बसणार होता.

बाकीच्या गोष्टींवर फार वाद झाला नाही. भोवती कुंपण आणि मुलांना उघडणार नाही असं फाटक, हे मी मागायच्या आधी त्याच्या बायकोने मागितलं होतं. ती शहाणी आहे. लहान मूल बुडताना ओरडत नाही.

पायऱ्यांचं मात्र मला सांगावं लागलं. आम्ही मुली लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो, त्या विहिरीला पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या होत्या. बेडूक आत पडायचा आणि त्याच पायऱ्यांनी वर यायचा. आताच्या तलावाला गुळगुळीत उभ्या भिंती आणि पोलादी शिडी. मृगाच्या पहिल्या पावसात शेकडो बेडूक फिरतात, ते आत पडले की कडेकडेने पोहत राहतात आणि दमून मरतात. एका बाजूला काठापर्यंत रुंद, उथळ पायऱ्या केल्या तर तेही वाचतात आणि अक्कांनाही शिडी धरून लोंबकळावं लागत नाही. ठेकेदार म्हणाला खर्च थोडा वाढेल. वाढू दे, म्हटलं.

निळ्या दिव्यांवर पुतण्या अडला. त्याला तेच सगळ्यात आवडले होते. पहिल्या पावसानंतर उजेडावर किती किडे येतात हे त्याला सांगायची गरज नाही, रात्री न जेवणाऱ्या घरातच तो वाढला. अक्का रात्री पाण्यात उतरणार नाहीत हेही त्याला ठाऊक आहे. तो फक्त "बघूया की" म्हणाला.

शेवटी राहिलं पाणी कुठून आणायचं. तो म्हणाला, बोअर आपलीच आहे. जमीन आपली म्हणून खालचं पाणी आपलं, हे 1882 च्या सुविधाधिकाराच्या कायद्यापासून आपल्या डोक्यात बसलं आहे. राज्याराज्यांनी पुढे नियम केले, तरी मनातली समजूत तीच. पण पाणी बांधाला ओळखत नाही. आपण 400 फुटांवरून ओढलेलं शेजारच्याच्या विहिरीतलं असू शकतं, आणि त्याला ते चैत्रात कळतं. अदत्तादान म्हणजे न दिलेलं घेणं. खालचं पाणी कुणी कुणाला दिलं? बेंगळुरात 2024 च्या मार्चमध्ये टंचाई झाली तेव्हा पिण्याचं पाणी तलावांत भरलं तर 5,000 रुपये दंड, असा हुकूम तिथल्या जलमंडळाला काढावा लागला.

मी पुन्हा पेन्सिल घेतली. घराचं छप्पर 100 चौरस मीटरचं. पाऊस कमीत कमी, 1,000 मिलीमीटर धरला तरी त्या छपरावर वर्षाला एक लाख लिटर पडतं. अक्कांच्या मापाचा तलाव त्यातून सहा वेळा भरेल. पन्हळीचं पाणी गाळून आत सोडायचं, वर आच्छादन घालायचं म्हणजे उन्हात उडणार नाही, आणि उन्हाळ्यात जे कमी होईल ते कमीच राहू द्यायचं, बोअरला हात लावायचा नाही. एवढं मान्य असेल तर माझी मान हलेल, असं मी त्याला सांगितलं.

तो बराच वेळ नकाशाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काकू, पण मी सगळ्यांना अक्षयतृतीयेला बोलावलंय. तेव्हा पाणी कुठनं येणार?"

"जुलैत बोलव," मी म्हटलं.